भाच्यानं पोवळं कापलं

"कापलं म्हणजे काकू? सुरीनं?"

"सुरीचं काय घेऊन बसलीस! करवतीनं. हिऱ्याची धार असते म्हणे तिला. ताई सांगत होती, तळघरातून घर्र घर्र आवाज आला म्हणून ही जिना उतरून बघते तो काय, आमचे भाचेबुवा डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे घालून जिवंत जनावर कापतायत. अगो, शाकाहारात जन्म गेला आमचा!"

काकू परडी घेऊन जास्वंदीशी आल्या की माझं धुणं वाळत घालणं लांबतं. आमच्या दोन आगरांच्या मधे जांभ्या चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. त्यावर पलीकडून त्यांची परडी आणि अलीकडून माझी कोपरं टेकली की निम्म्या आंजर्ल्याचा निकाल लागतो. कोणाची सुपारी वानरांनी पाडली, कोणाकडे मुंबईची माणसं उतरायची आहेत, कड्यावरच्या गणपतीला कोण काय बोलून आलं. या खेपेला मात्र विषय थेट न्यू जर्सीचा होता. काकूंची मोठी बहीण सहा महिने मुलाकडे राहून आली, चार दिवस इथे विसावून पुण्याला गेली आणि जाताना काकूंच्या पदरात एवढं काही टाकून गेली की गडगा झिजेल.

आता हे ऐकायला माझ्याकडेच का, तर आमचा धाकटा रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकला. त्यामुळे समुद्रातल्या कुठल्याही प्राण्याचा विषय निघाला की साक्ष आमच्या ओटीवर होते. त्याच्याकडून ऐकून ऐकून मलाही बरंच कळायला लागलंय.

"समुद्र त्याच्या घरापासून तासाभरावर आहे," काकू म्हणाल्या, "आणि हा मीठ विकत आणून पाणी खारट करतो! पाणीसुद्धा आधी यंत्रातून गाळून घ्यायचं. साडेचार फुटी टाकी, तिच्यावर रात्री दहापर्यंत निळा उजेड. एक वही केलीय, तिच्यात रोज लिहितो. मीठ किती, चुना किती, गरम किती, गार किती. मी म्हटलं ताईला, तुझं बीपी किती आहे ते त्याला विचार हो, सांगता येतं का बघू."

वहीचं मात्र भाच्याचं चूक नाही. या पोवळ्यांना लिटरमागे पस्तीसेक ग्रॅम मीठ लागतं, पाणी २५-२६ अंशांवर लागतं, आणि विरघळलेलं कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅमच्या मधे. त्या कॅल्शियमवरच त्यांचा सांगाडा वाढतो. पोवळी वाढायला लागली की ती पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतात आणि मग ते वरून घालत बसावं लागतं. किनाऱ्यावरचं पाणी आणावं तर त्यात नदीनं काय आणून सोडलंय ते कोणाला ठाऊक. आपल्या जोग नदीचं खाडीतलं पाणी श्रावणात बघा, खारट म्हणायची सोय नसते.

"पण पोवळं ते मंगळाचं ना? अंगठीतलं?"

"ते वेगळं, काकू. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातून नाहीतर जपानकडून येतं, त्याचं कूळच निराळं. भाच्याकडची ती दगडी पोवळी. खाली चुन्याचा पांढरा सांगाडा आणि वर मऊ मांस. मध्ये एक तोंड, भोवती शुंडकं. तोंडानं खातं आणि राहिलेलं तिथूनच बाहेर टाकतं."

"तिथूनच? शी! म्हणजे मंगळाला चालायचं नाही."

"नाही."

"तरी मी म्हटलं, ताईच्या नातीला मंगळ आहे, म्हणून हा उद्योग चाललाय की काय."

दगडी पोवळ्यांत दोन घराणी मानतात, निदान टाकी पाळणारे तरी. एकात टाचणीच्या डोक्याएवढी हजारो तोंडं एकमेकांना चिकटून असतात. त्यांना लख्ख उजेड आणि अगदी नितळ पाणी हवं, जरा बिनसलं की मेलीच. दुसऱ्यात तोंड मोठं आणि मांसल, फुललं की मुठीएवढं दिसतं. ही मोठ्या तोंडाची जात जरा सोशिक. उजेड कमी चालतो, पाणी थोडं गढूळ असलं तरी चालतं. मांसात राहणारं शेवाळ उजेडावर अन्न करून देतं, त्यातच त्यांचं बरंचसं भागतं. शिवाय वरून काही भरवलं की लवकर वाढतात. भाच्याकडे आहेत ती याच जातीची. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन अशी नावं.

"टॉर्च कापला म्हणाली तेव्हा मला वाटलं सेल संपले असतील," काकू म्हणाल्या. मग एकदम गडग्यावर वाकल्या. "आणि भरवतो काय माहितीय? कोळंबी! फ्रीजमध्ये डबा आहे वेगळा. एकेका तोंडाला चिमट्यानं एकेक तुकडा. ताईनं तो फ्रीज सहा महिने उघडला नाही. ताक बाहेर ठेवायची."

काल संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा काकूंनी मला गडग्यावरूनच हाक मारली. तिकडे सकाळ होती आणि तो नेमका कापायलाच बसला होता. ताई म्हणाली तसं अघोरी काही मला त्यात दिसलं नाही. उलट हात फार हलका होता त्याचा.

टॉर्चचा झुडुपासारखा गड्डा होता. अंगठ्याएवढ्या जाड पांढऱ्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक तोंड. शुंडकं हिरवट, त्यांच्या टोकांना सोनेरी गोंडा. फांद्यांवर खाली मांस नाही, तो निव्वळ चुना. त्यानं आधी पंप बंद केला आणि काचेच्या नळीनं एकेका तोंडाला हलकेच डिवचलं. बघता बघता शुंडकं आत गेली आणि उरला नुसता खरबरीत कप. मग त्यानं गड्डा पाण्याबाहेर काढला आणि उलटा धरला, मांस स्वतःच्या वजनानं फाटू नये म्हणून. मांस जिथे संपतं त्याच्या खाली दोन बोटं जागा सोडून करवत लावली. पात्यावर सारखी पाण्याची धार. पांढरा भुगा उडत होता आणि गॉगलवर बसत होता. एक फांदी सुटून हातात आली. ती टाकीतल्याच पाण्यात खळबळून घेतली, मग आयोडीन घातलेल्या तांबूस पाण्यात बुडवली. चिनीमातीच्या एका छोट्या गोल खुंटीवर डिंकाचा थेंब टाकून फांदी त्यावर दाबली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"पाण्यात डिंक धरतो?" काकूंनी विचारलं.

"त्याच डिंकाला ओल लागते, मावशी," भाचा पलीकडून म्हणाला. "ओलीनंच तो आवळतो. सुपरग्लू. तुमचं फेव्हिक्विक, फक्त जरा घट्ट, जेल."

मांसाला करवत लागलीच नाही, त्यामुळे ते तोंड उद्या-परवा पुन्हा फुलेल म्हणाला. खाली मंद उजेडात, पाण्याचा झोत थेट लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवायचं. सांगाडा खालून वाढून खुंटीला धरतो आणि सगळं सुरळीत चाललं तर वर्षभरात एका तोंडाची दोन-तीन होतात.

"म्हणजे आपला शेवगा," काकूंनी निकाल दिला. "फांदी तोडली, कुंपणात टोचली, लागली."

शेवगा बरोबर आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. काही पोवळ्यांना फांद्याच नसतात. मांस एका नागमोडी भिंतीवर सलग पसरलेलं असतं आणि त्यात ओळीनं तोंडं असतात. तिथे कापायचं म्हणजे जिवंत मांसातूनच पातं न्यावं लागतं. भाचा म्हणाला, भिंतीच्या जातीला तो हात लावायला घाबरतो. जखम चिघळली की तपकिरी चिकट द्राव सुटतो, घाण वास येतो आणि दोन दिवसांत अख्खं पोवळं विरघळून सांगाडा उरतो. वर तो द्राव शेजारच्यावर गेला तर तेही जातं. मेंदूसारख्या वळ्यांचं पोवळं कापायचं असेल तर दोन तोंडांच्या मधली वाट शोधून पातं न्यायचं, कारण प्रत्येक तुकड्याला निदान एक तोंड हवंच.

"तोंड नसेल तर जगणार कसा," काकू म्हणाल्या.

यातली खरी गंमत मला धाकट्यानं सांगितली होती, ती मी काकूंना सांगितली. फ्लोरिडात मोट म्हणून समुद्री प्रयोगशाळा आहे. तिथले डेव्हिड वॉन साधारण २००६ च्या सुमारास एक पोवळं टाकीतून उचलायला गेले तर ते तळाला चिकटलेलं. उचलताना तुटलं आणि तळाला दोन-तीन तोंडं तेवढी राहिली. गेली म्हणून सोडून दिली. थोड्या दिवसांनी बघतात तर ती भराभर पसरलेली. मग त्यांनी मुद्दामच बारीक बारीक तुकडे करून पाहिले आणि ते नेहमीच्या वाढीपेक्षा पंचवीस पटींनीसुद्धा वाढले. आणि एकाच पोवळ्याचे तुकडे जवळजवळ लावले तर ते वाढून एकमेकांना भेटतात तेव्हा परके मानत नाहीत, जुळून पुन्हा एक होतात. ज्या थोराड गोल पोवळ्यांना एरवी टोपलीएवढं व्हायला कित्येक दशकं लागतात, त्यांचे तुकडे मेलेल्या सांगाड्यांवर चिकटवून त्यांनी समुद्रात लावले. अशा लावलेल्या पोवळ्यांनी २०२० च्या ऑगस्टमध्ये समुद्रात अंडी सोडली.

"आणि परक्याचे तुकडे शेजारी लावले तर?"

"भांडतात. दिवसा कळत नाही. रात्री वीतभर लांब शुंडकं बाहेर सोडतात आणि शेजाऱ्याला डंख मारतात. सकाळी बघावं तर शेजाऱ्याच्या मांसाला पांढरा चट्टा. म्हणून मधे मोकळी जागा सोडावी लागते."

काकूंनी गडग्यावरून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्या हद्दीत झुकलेल्या आमच्या माडाकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. तो विषय आमच्यात २०१९ पासून बंद आहे.

मग पैशांवर आल्या, उशिरा का होईना. सोनेरी टोकाच्या टॉर्चचं एक तोंड शेकडो डॉलरला जातं हे ऐकून त्यांनी हातातली जास्वंद परडीत न टाकता तशीच धरून ठेवली. भाव चढले त्याला कारण आहे. ही पोवळी जगभर जातात ती मुख्यतः इंडोनेशियातून. २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारनं जिवंत पोवळ्यांची निर्यातच थांबवली आणि ती पुन्हा सुरू व्हायला दीडेक वर्ष लागलं, तीही बरीचशी समुद्रात शेतीसारखी लावलेल्या मालाची. मधल्या काळात ज्यांच्या टाकीत गड्डे होते त्यांनी कापून कापून एकमेकांना पुरवले. भाचा विकतो थोडं, वाटतो जास्त. त्याच्या प्रत्येक पोवळ्याचा एक तुकडा गावातल्या दुसऱ्या दोघा-तिघांकडे ठेवलेला आहे. त्याची टाकी कधी बसली, तर आपलंच पोवळं त्यांच्याकडून परत मागायचं. हे मला फार पटलं. वस्तू वाचवायची असेल तर कुलपात ठेवण्यापेक्षा चार घरी देऊन ठेवावी.

आणि इथेच काकूंनी मुद्दा काढला, ज्याच्यासाठी त्या इतका वेळ उभ्या होत्या.

"डिसेंबरात येतोय. मला विचारत होता, मावशी तुझ्यासाठी काय आणू. मी म्हणते, दोन तुकडे आण. पडवीत टाकी ठेवते. आपल्याकडे पाहुणे कासवांसाठी येतात. एप्रिल उलटला की कासवं संपली. मग मेमध्ये त्यांना दाखवायचं काय? आंबे ते पुण्यात पण खातात."

"काकू, पडवीत पोवळं ठेवलंत तर पाहुण्यांच्या आधी वनखात्याची गाडी येईल."

कासवांमुळे आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची म्हणजे काय ते सांगेल. वाळूत ऑलिव्ह रिडलेचं घरटं सापडलं की अंडी कुंपणात नेऊन पुरायची आणि पन्नासेक दिवसांनी टोपलीखाली पिल्लं वळवळायला लागली की समुद्राकडे सोडायची. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं सुरू केलेलं हे काम इथवर आलं. पूर्वी अंडी खाणारेच होते, आता एक अंडं उचलायची कोणाची छाती नाही. त्याच १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी दगडी पोवळी घातली गेली. जिवंत असो, मेलेलं असो. वाळूत सापडलेला पांढरा तुकडा शोकेसमध्ये ठेवायलासुद्धा बंदी. तीन ते सात वर्षं शिक्षा आणि किमान २५,००० दंड.

"पण हा तुकडा समुद्रातला नाहीच मुळी!" काकू चिडल्या. "टाकीतल्या तुकड्याचा तुकडा. त्याच्या तळघरात जन्मला. त्यानं आपल्या समुद्राचं काय घोडं मारलं?"

मुद्दा बिनतोड होता. मलाही क्षणभर उत्तर सुचेना. भाच्याचं पोवळं समुद्रातून काही काढत नाही, उलट त्याच्यामुळे काढावं लागत नाही. पण पडवीतल्या टाकीकडे बघून हे न्यू जर्सीचं की मालवणचं, हे कोण सांगणार? पोवळ्याच्या कपाळावर तर गाव लिहिलेलं नसतं. शहरात चोरून विकणारे आहेतच, छापे पडल्याच्या बातम्या येतात. उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझं तळघरात जन्मलं. सरहद्द ओलांडायलाही दगडी पोवळ्याला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, बॅगेतल्या चकलीच्या डब्यात घालून आणता येत नाही. मला तरी वाटतं, कायदा आडमुठा असला तरी असू दे. फट ठेवली की त्यातून तुमचा भाचा आत येईल आणि त्याच्या मागोमाग खडकावर छिन्नी चालवणारे दहा जण.

"मालवणला कुठे आलीत पोवळी? ती अंदमानाला."

हे मात्र सगळ्यांनाच वाटतं. १९७९ साली कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत पोवळी आहेत हे छापून आणलं, त्यात आपला रत्नागिरी-मालवणचा पट्टा आहे. मालवणला सिंधुदुर्गाच्या भोवती १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं ते काही अंशी त्यांच्यासाठीच, २९ चौरस किलोमीटरचं. कोळ्यांनी त्याला केवढा विरोध केला तो वेगळा विषय. तिथे पसरट पानांसारखी टर्बिनारिया आहे, फॅव्हाइट्स आहे, गोनिअस्ट्रिया आहे. टाकीवाले ही मोठ्या तोंडाच्या घराण्यातच मोजतात. आपल्याकडे पावसात समुद्र गढूळ, वरचं पाणी निम्मं गोडं. ते सोसून उरलेल्या या जाती, म्हणून थोड्या आणि चिवट. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर आत पाण्याखालचं पठार आहे, तिथे तर पोवळ्यांचा सडा. आणि त्याचं नाव काय, तर आंग्रिया बँक. सुवर्णदुर्गावर वाढलेल्या कान्होजींचं नाव, आपल्या हर्ण्याच्या माणसाचं, आणि आपल्यालाच पत्ता नाही. फार काय, मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा निघाली. किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये परवानगी काढून त्या १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर न्याव्या लागल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली.

"आणि मालवणात तुमच्या भाच्यानं केलं तेच झालंय काकू. तुतिकोरिनच्या सुगंधी देवदासन संस्थेची माणसं मन्नारच्या आखातात २००२ पासून पोवळ्यांचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून लावतात. सिंधुदुर्गातला संयुक्त राष्ट्रांचा प्रकल्प चालू होता तेव्हा तीच पद्धत मालवणात आणली. तिथे करवत नाही, डिंक नाही. तुटून पडलेले तुकडे गोळा करायचे, नायलॉनच्या दोरीनं बांधायचे आणि पाणबुड्यांनी वरचेवर जाऊन शेवाळ झाडायचं."

"परवान्यानं?"

"परवान्यानं."

काकू गप्प झाल्या, पण पडवी काही सोडवेना. शेवटी आमच्या ह्यांनी ओटीवरून, पेपरमधून मान न काढता, एकच शब्द टाकला. "निसर्ग."

३ जून २०२०. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात वीज किती दिवस नव्हती हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. माड आडवे, खांब आडवे, मोबाइल मुके. भाच्याच्या टाकीतला पंप काही तास बंद पडला तरी त्याची झोप उडते, तिकडे त्यानं बॅटरी ठेवलीय, जनरेटर ठेवलाय. आपल्याकडे पावसाळ्यात साध्या वाऱ्यानं वीज जाते. पडवीतल्या पोवळ्यांनी आठवडाभर काय करायचं, आरती म्हणायची?

"बरं बाई," काकू म्हणाल्या, "राहिलं. तो आला की त्यालाच पाठवते मालवणला, तारकर्लीला बुडून बघ म्हणावं. करवत घरी ठेवून जा. तू येतेस? मला ते नाकात नळी घालून जमायचं नाही, पण होडीतून काचेतून दिसत असेल तर बघीन."

मी हो म्हटलं. मग त्यांनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला, तिकडे किती वाजलेत याची पर्वा न करता, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हे बघ, तुकडेबिकडे काही आणू नकोस, तुरुंगात जायचंय का? त्यापेक्षा तो डिंक आण. घट्टवाला. माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची मूठ निघालीय."

"काकू, तो दापोलीत मिळतो," मी म्हटलं.

"असू दे गो. तिकडचा आहे, धरेल."